ग्लोव्हबाहेरचं बोट

२८ मे

क्लबनं यंदाचा पोरगा आज आणून सोडला. आधी फोन नाही, काही नाही. व्हॅनमधून बॅगेसकट पायरीशी उतरवला, दुधाच्या बाटल्या ठेवून जावं तसा. नाव लायल टॅकेट, गाव केंटकीत कुठंतरी, काम डाव्या हातानं चेंडू टाकणं. वय चोवीस.

चोवीस म्हणजे आमच्याकडे म्हातारा. आमचे ‘हेरन्स’ म्हणजे मोठ्या बेसबॉल संघाच्या जिन्याची खालून दुसरी पायरी. इथं कुणी मुक्कामाला येत नाही. एकोणीस-वीस वर्षांची पोरं येतात, उन्हाळाभर आमच्यासारख्यांच्या घरी राहतात, जेवतात, मग वरच्या पायरीवर हॅरो फॉल्सला जातात. नाहीतर आपापल्या घरी.

गेल्या वर्षीच्यानं न्हाणीघराचा नळ तोडला होता आणि दिवाणखान्यातल्या क्रुसाला टोपी अडकवली होती. त्यामुळे याला दारातच नियम सांगितले. बूट बाहेर. रविवारी चर्च. मुली नाहीत.

“कळलं?”

“हो मॅडम.”

“मॅडम म्हणू नकोस. सगळी नोकरीभर मी लोकांच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या. तोंडावर मॅडम म्हणायचे आणि पाठ फिरली की दुसरंच.”

“दुसरं काय?”

“ते कॉन्व्हेंटात शिकलेली बाई उच्चारत नाही.”

तो हसला. बूट मात्र काढले, आणि जोडीनं भिंतीला लावून ठेवले. बघू.

४ जून

लायलचा पहिला सामना, आणि काय सामना! मी माझ्या नेहमीच्या जागी होते, बॅटरच्या बरोबर मागे, जाळीला लागून. नवरा, अँड्र्यू, गेल्यापासून त्याचीही खुर्ची मीच घेते. पर्स ठेवायला.

याचा सरळ चेंडू काही फार वेगाचा नाही. पण वळणारा! येतो डोक्याच्या उंचीवर, आणि बॅटरनं मान खाली घातली की हा गुडघ्याजवळून आत. पाहुण्यांची पोरं नुसती हवा कापत राहिली.

घरी आल्यावर कोबी-नूडल्सच्या तीन थाळ्या खाल्ल्या. खाताना सांगितलं की घरी वँडा नावाची मुलगी आहे, साखरपुडा झालाय. तिला शब्द दिलाय: या उन्हाळ्यात हॅरो फॉल्सला गेलो तर गेलो. नाहीतर खेळ बंद, तिच्या भावाबरोबर छपरं घालायची.

“छपरं घालण्यात काय वाईट आहे?” मी म्हटलं.

“काही नाही, मिसेस हुडॅक. फक्त तिथं कुणी बघायला येत नाही.”

९ जून

मागच्या दाराची बिजागरी करकरायची. मी न सांगता लायलनं तेल घातलं. अँड्र्यूला मी त्यासाठी अकरा वर्षं सांगत होते.

आज सामन्यात एक गंमत लक्षात आली. लायलचा ग्लोव्ह उजव्या हातात असतो. बाकीची बोटं आत, पहिलं बोट बाहेर, ग्लोव्हच्या पाठीवर. चेंडू वळवायचा असला की ग्लोव्हच्या आत डाव्या हाताची चेंडूवरची पकड बदलताना ते बाहेरचं बोट जरासं उचललं जातं. सरळ टाकायचा असला की चिकटून बसतं. नेम चुकत नाही. मला दिसलं यात नवल नाही. वळायच्या आधी स्टिअरिंगवरचं बोट उचलणारी हजारो माणसं मी शेजारी बसून पाहिली आहेत. वळणाआधी कुणी इंडिकेटर देवो न देवो, बोट देतंच.

बॅटरच्या लक्षात आलं तर पोराची धडगत नाही. जेवताना सांगायचं ठरवलं होतं. पण तो आनंदात सांगत सुटला, की असेच दोन-तीन सामने गेले तर महिनाअखेरीला वर बोलावतील असं कोच ब्रॅनॉक म्हणाला. मग मी त्याला पुडिंग वाढलं. आनंदाच्या वेळी कशाला दोष काढा. पुन्हा सांगेन.

१५ जून

आज जाळीमागे मोठ्या संघांचे पारखी आले होते. गळ्यात शिट्टी असावी तसं वेग मोजायचं यंत्र अडकवून बसतात, दाणे खातात, आणि आपल्याला सोडून बाकी जगाला चेंडू दिसत नाही असं समजतात. शेजारी एक क्रिमिन्स नावाचा बसला. चाळिशीचा, गुळगुळीत. त्याच्या क्लबची आमच्यासारखीच पोरं डोंगरापलीकडे, टॅनरी क्रीकला खेळतात.

लायलनं एक सुरेख वळवला. मी टाळी वाजवली. तर हा माझ्याकडे वळून, लहान मुलीला समजवावं तसं म्हणतो, “बाई, याला कर्व्ह म्हणतात बरं का. दिसतो सरळ, पण शेवटी वळतो. ओळखणं फार अवघड असतं.”

“मी या खुर्चीत बसायला लागले तेव्हा तुम्ही दुपट्यात होता,” मी म्हटलं.

“तसं नाही हो. पण तयार बॅटरलासुद्धा ओळखता येत नाही, मग तुम्हाला...”

“वळणारा,” मी म्हटलं.

लायलनं टाकला. वळला.

“सरळ.” सरळ आला.

“पुन्हा सरळ. आता वळणारा.” दोन्ही तसेच.

क्रिमिन्सचा दाण्यांचा हात हवेत थांबला. “कसं काय?”

“तुमच्याकडे यंत्र आहे. माझ्याकडे डोळे. त्याच्या ग्लोव्हबाहेरच्या बोटाकडे बघा.”

त्यानं पाहिलं. मी सांगत गेले, तो बघत गेला. काही लिहून घेतलं नाही. मग उठला, टोपी काढून मला म्हणाला, “मॅडम, तुम्ही माझ्या जागी हव्या होता.” आणि सामना संपायच्या आत निघून गेला.

चेहरा बघण्यासारखा झाला होता मेल्याचा. घरी येईपर्यंत मी गाणं गुणगुणत होते. लायल जिंकला.

१६ जून

काल रात्री नीट झोप लागली नाही. सॉसेज तिखट होतं.

त्यानं लिहून घेतलं नव्हतं. ज्यानं लिहिलं नाही तो विसरतो.

२६ जून

हेरन्स बाहेरगावी, टॅनरी क्रीकला. मी स्वयंपाकघरात रेडिओवर सामना ऐकला. ऐकवत नव्हतं. लायलला नवातल्या दुसऱ्याच इनिंगमध्ये काढावं लागलं. वळणारा चेंडू टाकला की ते बॅट खांद्यावर ठेवून सोडून द्यायचे. सरळ आला की मैदानाबाहेर. निवेदक म्हणाला, “जणू याच्या मनातलं त्यांना आधीच कळतंय!” आणि हसला.

मी रेडिओ बंद केला. अर्ध्या कापलेल्या बटाट्याकडे किती वेळ बघत बसले होते कोण जाणे.

एखाद्याचा दिवसच वाईट असतो. सगळं माझ्यामुळेच होतंय असं समजणं हाही गर्वच, असं शाळेत सिस्टर परपेच्युआ म्हणायच्या.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाचे झेंडे, बँड, गरम सॉसेज, आणि पाहुणे पुन्हा टॅनरी क्रीक. गर्दी मावत नव्हती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांचा एकेक बॅटर उभा राहायचा, आणि लायलच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे नाही, थेट ग्लोव्हकडे बघायचा. एवढ्या सगळ्या मैदानात ते का बघताहेत हे आमच्या बाजूच्या एकाच माणसाला माहीत होतं. ते माणूस हातात कागदी झेंडा धरून बसलं होतं.

मागच्या रांगेतला एकजण ओरडला, “ए केंटकी, घरी जा, गाई वाट बघताहेत!”

मी वळून म्हटलं, “हॅरल्ड स्लेब, तुला गाडी मागे घेता येत नाही म्हणून मी दोनदा नापास केलं होतं. तू कुणाला घरी पाठवू नकोस.” सगळे हसले. मला हसू आलं नाही.

घरी लायल जेवला नाही. पायरीवर बसून डावा हात उलटसुलट करून बघत होता.

“दुखतोय का?” मी विचारलं.

“नाही, तेच तर. चेंडू हातातून चांगला सुटतोय. पहिल्यासारखाच. पण मारतात. मिसेस हुडॅक, तुम्ही रोज बघता. माझं काय चुकतंय?”

त्यानं विचारलं. सरळ मलाच विचारलं. त्याहून सोपं काय असायला हवं होतं?

मी म्हटलं, “तू दमलायस. झोप जा.”

५ जुलै

आता सांगायचं म्हणजे तेही सांगावं लागेल की कुणी फोडलं. नुसतं बोटाचं सांगता आलं असतं, क्रिमिन्सचं नाव न काढता. आलं असतं. पण मग तो विचारेल, तुम्हाला कधी दिसलं? आणि खोटं बोलायला मला शिकवलेलं नाही.

न बोलायला शिकवलंय. त्यात मी वर्गात पहिली यायचे.

१३ जुलै

शनिवार, चर्चमध्ये कन्फेशन, पापांची कबुली. जाळीपलीकडे फादर मिहालिक. पलीकडून पुदिन्याच्या गोळीचा वास येत होता. मी सगळं सांगितलं. गर्व, वाचाळपणा, आणि नंतरचं मौन.

पलीकडे गोळी चावल्याचा आवाज. मग म्हणाले, “म्हणजे टॅनरी क्रीकपासून धुलाई होतेय ती तुझ्यामुळे?”

“फादर, तुम्ही इथं पुरोहित आहात की प्रेक्षक?”

“दोन्ही. बर्नडेट, माझ्यापाशी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना मागू नकोस. घरी जा आणि त्या पोराला सांग.”

“सांगणारच आहे.”

“कधी?”

“योग्य वेळी.”

“योग्य वेळ महिन्यापूर्वी होती.” मग आवाज खाली आणून विचारलं, “तो हॅरो फॉल्सला गेला, तर ती खोली कुणाला देशील?”

खोलीचा इथं काय संबंध? म्हातारे झाले आहेत फादर, एका विषयावर मन राहत नाही. मी तसं म्हटलंही. येताना बाजारातून चेरी घेतल्या. लायलला चेरी भरून भट्टीत भाजलेला गोड ‘पाय’ आवडतो.

१४ जुलै

चेरी-पाय केला. सांगायचं म्हणून समोर बसलेही. तेवढ्यात वँडाचा फोन. तो तिला म्हणाला, “अजून थोडे दिवस दे गं. जमेल मला. जमत होतं.” मग नुसतंच “हो. हो. कळतंय.”

फोन ठेवून आला तेव्हा मी त्याला मोठा तुकडा वाढला. त्यानं सगळा खाल्ला आणि म्हणाला, “तुम्ही नसता तर मी कधीच निघून गेलो असतो.”

माझा तुकडा मी झाकून ठेवला.

२२ जुलै

आज ठरवूनच मैदानावर गेले. लायलला सांगवत नसेल तर कोचला सांगावं. काम झाल्याशी कारण, कुणाच्या तोंडून का होईना. ब्रॅनॉक कुंपणापाशी उभा होता. मी शांतपणे बोलणार होते. पण त्यानं तंबाखूची पिंक टाकली ती माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर.

मी म्हटलं, “तुमच्या आईनं तुम्हाला गोठ्यात वाढवलं का?”

“काय काम आहे, मिसेस हुडॅक?”

“तुमच्या संघात चेंडू टाकणारे सात, आणि शर्ट खोचणारा एकही नाही. शिस्त तुम्हालाच नाही तर पोरांना कुठून असणार!”

“पोरगा नीट जेवतो ना तुमच्याकडे? बस. तेवढं बघा. बाकीचं आमच्यावर सोडा.”

“त्याच्या हातांकडे जरा बघा मग.”

“मला पगार त्याचाच मिळतो,” म्हणाला, आणि पाठ फिरवून चालायला लागला.

म्हणजे मी सांगितलं. ऐकणाऱ्यानं ऐकलं नाही, त्याला मी काय करू? माझं कर्तव्य झालं. येताना पावलं हलकी पडत होती.

जेवण झाल्यावर: बोट हा शब्द मी उच्चारला नाही. ग्लोव्ह हाही नाही.

२५ जुलै

पुन्हा हरला. आता साऱ्या लीगला माहीत झालंय. आज बॅटर लपवतही नव्हते. एकानं तर स्वतःचं बोट उचलून आपल्या बाकावरच्यांना खूण केली आणि ते खिदळले. ब्रॅनॉकच्या पगारात ते दिसणं बसत नसावं.

मी ओरडले. अगदी उभी राहून, जाळीला धरून ओरडले, “लायल! बोट! बोट!” बँड वाजत होता. त्याला वाटलं मी धीर देतेय. त्यानं टोपीला हात लावला.

घरी आला तेव्हा मी दारातच होते. म्हटलं, आता. तो म्हणाला, “तुम्ही ओरडत होता ना? फक्त तुम्हीच होता ओरडणाऱ्या. थँक यू.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून आत गेला.

मी त्याच्या मागून आत गेले आणि जेवण गरम केलं.

३० जुलै

क्लबनं लायलला सोडून दिलं. सकाळी दहाला ब्रॅनॉकच्या खोलीत बोलावलं. हस्तांदोलन, शुभेच्छा, दार. त्याच्या जागी एकोणीस वर्षांचा कुणी खालच्या पायरीवरून येतोय.

मी कपडे वाळत घालत होते. तो मागच्या दारानं आला. दार आता करकरत नाही, त्यामुळे कळलंच नाही. “झालं,” म्हणाला. “वँडाच्या भावाचा निरोप आलाय, सोमवारपासून छपरांवर.” मग माझ्या हातातली चादर घेऊन त्यानंच दुसरं टोक दोरीवर टाकलं.

ते चादरीचं टोक बघून मी बोलले. चादरीच्या अलीकडून बोलले, त्याचा चेहरा दिसत नव्हता म्हणून बोलता आलं. बोट. स्टिअरिंग. क्रिमिन्स. मी एकेक चेंडू कसे ओळखून दाखवले आणि त्यानं टोपी कशी काढली. ब्रॅनॉकचंही सांगितलं. काही ठेवलं नाही.

चादरीपलीकडून, “कधी दिसलं तुम्हाला?”

“नऊ जूनला.”

“त्याला कधी सांगितलंत?”

“पंधराला.”

“म्हणजे मला सांगायला तुमच्याकडे आधी सहा दिवस होते. आणि नंतर...” तो थांबला. “मी विचारलं होतं. चार जुलैला पायरीवर बसून विचारलं होतं.”

“लाज वाटली रे.”

“नऊ जूनला कसली लाज होती?”

  दुपारपासून या पानासमोर बसून त्याचं उत्तर शोधतेय. पुडिंग होतं, तो आनंदात होता, हे मी वर लिहिलंय, आणि ते खरं आहे. पण ते उत्तर नाही. फादरनी खोलीचं विचारलेलं सारखं आठवतंय.

तो आत गेला. मला वाटलं बॅग घेऊनच बाहेर येईल. तर ग्लोव्ह आणि चेंडू घेऊन आला.

“तिकडे उभ्या राहा. कुंपणापाशी. बाजूला, लागेल नाहीतर.”

“लायल...”

“उभ्या राहा.”

आजवर तो माझ्याशी असा बोलला नव्हता. मी जाऊन उभी राहिले. अँड्र्यूनं लाकडं रचायला बांधलेली भिंत आहे तिच्यावर तो टाकायला लागला. “ओळखा,” म्हणाला.

“सरळ,” मी म्हटलं. भिंतीवर आदळला. “वळणारा. वळणारा. सरळ.” मी सांगत गेले, तो टाकत गेला. एकही चुकला नाही. प्रत्येकाबरोबर त्याचा चेहरा राखेसारखा होत गेला. शेवटी हात खाली घेतला आणि त्या बोटाकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

मग खिशातून चिकटपट्टी काढली, बोटं बांधायची असते ती. बोट ग्लोव्हच्या पाठीला पक्कं चिकटवून टाकलं. पुन्हा उभा राहिला.

“आता.”

मी बघितलं. डोळे फाडून बघितलं. खांदा, कोपर, मान, सगळं. “सरळ,” म्हटलं. वळला. “वळणारा.” सरळ आला. मग एक बरोबर आला, नुसत्या अंदाजानं. मग पुन्हा दोन चुकले. असा चेंडू मी साऱ्या लीगमध्ये पाहिला नव्हता. हा चेंडू हॅरो फॉल्सलाच काय, त्याच्याही वर चालला असता.

“नाही रे ओळखता येत,” मी म्हटलं. माझा आवाज फुटला. “लायल, खरंच काही दिसत नाही. कुणालाच दिसणार नाही. फोन कर कुठल्यातरी क्लबला. आत्ता कर. माझा फोन घे.”

त्यानं चेंडू उचलला, ग्लोव्हात ठेवला. माझ्याकडे पाहिलं.  लोक ज्या माणसाला रस्ता विचारतात आणि मग ठरवतात की याला विचारायला नको होतं, त्याच्याकडे बघावं तसं.

“खरं सांगताय?”

“देवाशपथ.”

“की मला बरं वाटावं म्हणून?”

“अरे, खरं, खरं! मी चुकले नाही का सगळे? बघितलंस ना?”

“चुकता येतं मुद्दाम,” तो म्हणाला. रागानं नाही. राग असता तर मी दोन शब्द उलटून तरी बोलले असते.

मी आणखी शपथा घेतल्या. आईची, अँड्र्यूची, क्रुसाची. घेत गेले तसतशा त्या माझ्याच कानांना खोट्या वाटायला लागल्या. त्यानं मध्येच हात वर करून मला थांबवलं. मग क्लबची व्हॅन आली, तिच्यात बॅग टाकली, खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. मी विचारलं, “फोन करशील ना रे क्लबला?”

“बघू,” तो म्हणाला. “आधी दुसऱ्या कुणाला तरी दाखवतो.”

इथून त्याच्या गावापर्यंत दाखवायला दुसरं कोण आहे त्याला? वँडा तर खेळ बघत नाही.